फुली कडप्प्यावर, नेम बिबट्यावर

प्रेमिला काळबांडेच्या नेमाची ख्याती सगळ्यात आधी पोपटांमध्ये पसरली. काटोलकडच्या शेतात ज्वारी हुरड्याला आली की तिचे वडील, नानाजी, या पोरीला मचाणावर चढवून देत. हातात गोफण, फ्रॉकच्या ओच्यात खडे आणि दिवसभर घसा फाडून ओरडायची पूर्ण मुभा. असलं काम मिळत असेल तर शाळेत जायचंच कशाला, असं तिला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. नानाजींचं गोफणीचं शास्त्र एका ओळीत संपायचं. "दूर हाय तं वर धरजो, जवळ हाय तं खाली धरजो, अन् मंग देवावर सोडून देजो." पोरीनं देवाचा भाग तेवढा गाळला आणि बाकीचं पाठ करून टाकलं.

ही पोर पुढे वनखात्यात लागली तेव्हा गावाला काही नवल वाटलं नाही. पहिली बरीच वर्षं तिनं रोपवाटिकेत सागाच्या रोपांना पाणी घालण्यात काढली. मग एकदा एका शिबिरात गुंगीची बंदूक दाखवायला आणली. या बंदुकीत गोळी नसते, इंजेक्शनची सुई असते. सुई जनावराच्या मांसात घुसते, औषध आत जातं आणि जनावर थोड्या वेळात आडवं होतं. लिंबाच्या झाडाला एक टरबूज टांगलं होतं आणि सगळे आळीपाळीनं त्याच्या आजूबाजूच्या फांद्यांना इंजेक्शनं देत होते. प्रेमिलानं विचारलं, "मी मारून पाहू का जी?" आणि टरबुजाच्या बरोबर पोटात सुई बसवली. सुईत नुसतं पाणी होतं, त्यामुळे नंतर ते टरबूज सगळ्यांनी कापून खाल्लं. तिथून तिची बदली नागपूरच्या बचाव पथकात झाली.

आज ती शेहेचाळीस वर्षांची आहे. अंगानं भरलेली, हसायला लागली की जीप हलते असं ड्रायव्हर म्हणतो, आणि खाकी बाहीखाली हिरव्या बांगड्या घालते. कुणी विचारलं, "ताई, तुम्ही शिकार करता?" तर ती ठसक्यात सांगते, "करते नं! पण आमची शिकार झोपते, अन् मंग उठून आपल्या घरी जाते." नवरा गिरिधर हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. पाळी संपवून मोटरसायकलवर घरी येतो आणि बायकोचे पराक्रम शेजाऱ्यांना वाढवून सांगतो. फक्त एका बाबतीत त्याची तक्रार असते. हिला दोनशे पावलांवरचं माकड दिसतं, पण स्वतःच्या डोक्यावर सरकवलेला चष्मा सापडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्या घरात रोज एकदा तरी ऐकू येते.

तर अशा या बाईच्या बंदुकीवर एक दिवस दुर्बीण बसली.

आधी बंदुकीला साधी माशी होती. नळीच्या टोकाचा तो लहानसा उंचवटा जनावरावर धरायचा आणि घोडा ओढायचा. दुर्बीण आली आणि पथकात सणच झाला. डोळा लावला की आत बारीक काळी फुली दिसायची आणि फुलीच्या मागे लांबचं जनावर हातावर आल्यासारखं. त्याच आठवड्यात दसरा होता. शस्त्रपूजेत कुणीतरी भक्तिभावानं कुंकवाचं बोट थेट दुर्बिणीच्या काचेलाच लावलं, आणि पुढचे काही दिवस प्रेमिलाला नागपुरातलं प्रत्येक माकड कपाळाला टिळा लावून बसलेलं दिसलं. काच पुसल्यावर मात्र तिचा हात कुणी धरू शकेना. गच्चीवरचं चावरं माकड असो की तारेत अडकलेला रोही, म्हणजे नीलगाय, फुली टेकवायची की काम फत्ते.

सगळं सुरळीत चाललं असताना हिंगण्याकडच्या एका गोदामात बिबट्या शिरला.

तोवर तिनं बिबट्यांना सुया मारल्या होत्या त्या झाडावरच्या नाही तर शेतातल्या, लांबून. हा पोत्यांच्या थप्पीमागे बसला होता, अगदी समोर, एका खोलीच्या अंतरावर. प्रेमिलानं डोळा लावला आणि तिला नुसते ठिपके दिसले. वर ठिपके, खाली ठिपके, डावीकडे ठिपके. दुर्बीण लांबचं मोठं करून दाखवायच्या बेतावर लावलेली होती, त्यात जवळचा बिबट्या मावेचना. खांदा कुठे, मांडी कुठे, काही कळायला मार्ग नाही. शेवटी एक फुगीर भाग मांडीचा आहे असं तिनं ठरवलं, मचाणावरचा धडा आठवला, जवळ हाय तं खाली, आणि फुली आणखी जराशी खाली घेऊन घोडा ओढला.

सुई मागच्या पायाच्या नळीच्या हाडावर बसली.

बिबट्या झोपला, त्यासाठी दुसरी सुई लागली, आणि कुणाला ओरखडाही आला नाही. पण जाग आल्यावर तो लंगडायला लागला. पायाला सूज होती, म्हणून त्याला पथकाच्या उपचार केंद्रात पिंजऱ्यात ठेवावं लागलं. त्याला मांस टाकायचं काम प्रेमिलानं मागून घेतलं. रोज सकाळी तो तिच्याकडे तीन पायांवर यायचा आणि चौथा नुसता टेकवायचा. ती तिथून निघायची तेव्हा तिचं हसणं कुणाला ऐकू यायचं नाही. महिना उलटल्यावर सूज उतरली, तो नीट चालू लागला आणि त्याला जंगलात सोडलं, तरी तिच्या डोळ्यापुढून तो टेकवलेला पाय काही हलेना. पथकात ऋषी नावाचा दुसरा बंदूकवाला होता. तिनं सरळ सांगून टाकलं, "लांबचं जनावर माह्यं. घरात, गोदामात शिरलं तं ऋषीले बोलवा. मले नाई जमत जवळचं."

डॉक्टर वैदेही यांना हे पटलं नाही. त्या पथकाच्या पशुवैद्य. औषधाचं माप त्यांचं, बंदूक प्रेमिलाची, अशी दोघींची वाटणी होती. त्या म्हणाल्या, "जमत नाही म्हणजे काय? शोधू नं, का जमत नाही ते." मग केंद्राच्या मागच्या आवारात दोघींनी एका पोत्यात भुसा भरला, त्यावर काळे ठिपके रंगवले आणि पोत्याला शेपटीसुद्धा शिवली. शेपटीची गरज नव्हती, पण वैदेही मॅडमना ती हवी होती. लांबून मारलं की सुई फुलीवर. जवळ यावं तसा बंदुकीतल्या हवेचा दाब कमी करावा लागतो, नाही तर सुई जनावराला भोसकूनच टाकेल. तसा दाब कमी करत, पुढे पुढे सरकत त्या मारत गेल्या, आणि चार हातांवर आल्यावर बघतात तो काय, सुई फुलीच्या चांगली तीन बोटं खाली! पुन्हा मारलं, पुन्हा तीन बोटं. म्हणजे गोदामात सुई आपली आपण तीन बोटं खाली जाणारच होती, आणि प्रेमिलानं वरून आणखी खाली धरलं होतं.

असं का व्हावं, हे घरी जेवताना गिरिधरनं सोडवलं. त्यानं बंदुकीचा फोटो नीट पाहिला आणि भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "सोपं हाय वं. तुहा डोळा राहते वरच्या मजल्यावर, अन् सुई राहते खालच्या. दोघं निघतात, अन् पार चौकात जाऊन भेटतात. तू त्यायले घराच्या दारातच भेटा म्हणून राहिली. कसे भेटतीन?"

"अन् दाब कमी केला तं?"

"तं खालचा आणखीनच रमतगमत चालते. वर कायले येईन तो?"

प्रेमिला हसून हसून बेजार झाली. म्हणजे जवळच्या जनावरासाठीसुद्धा फुली वरच धरायची होती. आणि दुर्बीण लहान करून ठेवायची, म्हणजे अख्खं जनावर दिसेल. उत्तर इतकं साधं निघालं याचा तिला रागही आला. तिनं लगेच नानाजींना फोन लावला आणि जरा भांडणाच्याच सुरात सांगितलं, "बाबा, तुमचं शास्त्र माह्या अंगावर आलं. जवळचं खाली धर म्हणून तुम्हीच शिकवलं होतं."

नानाजींचं वय ऐंशीच्या घरात, पण जीभ अजून जागेवर. ते म्हणाले, "मी तुले पाखरं माराले कधी शिकवलं वं? उडवाले शिकवलं. खडा लागो नाई तं न लागो, पाखरू उडलं म्हणजे झालं. तू त्या बिबट्याले उडवाले गेली होती का?"

खरंच, आयुष्यात तिनं जवळच्या कशावर अचूक नेम असा धरलाच नव्हता, कारण कधी गरजच पडली नव्हती. तिनं पोत्यावर सराव चालू ठेवला. फुली पाठीवर, सुई मांडीत. फुली पाठीवर, सुई मांडीत. बिचाऱ्या पोत्याची चाळणी झाली. पण हात मोठा खट्याळ असतो. जरा घाई झाली की तो आपसूक खाली यायचा, चाळीस वर्षांची सवय ती. आणि पोतं लंगडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऋषीकडचं काम तिनं परत मागितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी ऋषी चंद्रपूरकडे एका वाघामागे गेला होता, आणि सकाळीच मनीषनगरमधून फोन आला की पांढरीपांड्यांच्या स्वयंपाकघरात बिबट्या बसला आहे.

संक्रांत म्हणजे नागपुरात माणसं जमिनीवर कमी आणि गच्चीवर जास्त. पथकाची जीप पोचली तेव्हा दोन्ही बाजूंच्या गच्च्या फुलून गेल्या होत्या, आभाळभर पतंग, भोंग्यांवर गाणी, आणि दर मिनिटाला "ओ काट!"चा गजर. आधी पतंग बघायला चढलेले लोक आता बिबट्या बघायला वळले होते, एवढाच फरक. पोलीस गल्ली मोकळी करत होते. गच्च्या कोण मोकळ्या करणार?

घराच्या फाटकात मुकुंदराव पांढरीपांडे आणि त्यांच्या पत्नी चारुलताताई उभ्या होत्या. मुकुंदराव बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घडलेला प्रकार त्यांनी अगदी क्रमानं सांगितला. चारुलताताई बारीक गॅसवर कुकर लावून वर तुळशीला पाणी घालायला गेल्या, मागचं दार उघडं राहिलं, कुत्रं घुसलं, कुत्र्यामागे बिबट्या घुसला, कुत्रं समोरच्या दारानं पळालं आणि मुकुंदरावांनी स्वयंपाकघराचं आतलं दार ओढून कडी घातली. आत कुत्रंच आहे असं समजून घातली, हे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केलं. पथकातल्या लोकांनी तोवर मागच्या दाराला पिंजरा लावून टाकला होता, पण बिबट्याला पिंजऱ्यात जाण्याचा अजिबात उत्साह नव्हता.

"बाकी सगळं ठीक आहे हो," चारुलताताई म्हणाल्या, "पण गॅस चालू आहे. डाळ लागेल नं माझी!"

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. त्यामागून असं गुरगुरणं आलं की गच्चीवरची गाणीसुद्धा थांबली.

वैदेही मॅडमनी प्रेमिलाकडे पाहिलं. बंदुकीची पेटी जीपमध्येच होती. "ऋषी संध्याकाळशिवाय येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि हे आतलं दार पातळ फळीचं आहे. आणखी दोन-चार शिट्ट्या झाल्या, वरून कुणी फटाका फोडला, तर तो उठणार आणि दार फोडून घरातून गल्लीत. मग या गर्दीत काय होईल, तुला सांगायला नको."

प्रेमिलाला ते दिसत होतं. काठ्या दिसत होत्या, मांजा दिसत होता, पळणारी माणसं दिसत होती. आणि घाईत मारलेल्या सुईनं पायाचं हाड दुखावलेलं एक जनावर दिसत होतं. नाही म्हणावं असं तिला मनापासून वाटलं, आणि तसं ती म्हणालीही, पण म्हणता म्हणता तिनं पेटी उघडलेली होती.

सिलिंडर मागच्या बोळात होता. आधी ती वाकून, भिंतीला चिकटून गेली आणि त्याची चावी फिरवली. कुकर एकदा कुरकुरला आणि गप्प झाला. डाळीपुरता तरी निकाल लागला.

मग ती बोळातल्या खिडकीपाशी आली. खिडकीला उभे-आडवे गज, आत ओटा, ओट्यावर परातीत तिळाचे लाडू ओळीनं मांडलेले. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, पिठाच्या पिंपाला रेलून, ती बसली होती. मादी होती, तरणीताठी, कान मागे टाकलेले. इतकी जवळ की मिशा मोजता आल्या असत्या. पिंपानं तिचं अर्धं अंग झाकलं होतं. कडप्प्याच्या कडेखाली मांडीचा तळहाताएवढा तुकडा तेवढा उघडा होता, आणि त्याच्या खाली लगेच पायाची नळी सुरू होत होती.

प्रेमिलानं मॅडमनी भरून दिलेली सुई बंदुकीत चढवली, दाब कमी केला आणि दुर्बीण लहान केली. आता अख्खी मादी दिसली, पिंपसुद्धा, आणि पिंपावरचा "ज्वारी" असा कागदही. समोर सगळं मोकळं होतं, दोन आडव्या गजांच्या बरोबर मधून. तिनं श्वास रोखला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, डावा हात पुढे नेऊन नळीच्या तोंडासमोर फिरवला. बोटांना थंड लोखंड लागलं. डोळ्याला वाट मोकळी होती, पण नळीच्या पुढ्यात खालचा गज आडवा आला होता! वरचा मजला आणि खालचा मजला. घोडा ओढला असता तर सुई गजावर आपटून बोळातच पडली असती आणि मादी दारावर गेली असती. आणि त्याच वेळी, हसायची अजिबात वेळ नसताना, प्रेमिलाला गिरिधरचा तो भाकरी धरलेला हात आठवून हसू आलं. त्या हसण्यानं तिचे खांदे सैल झाले. तिनं बंदूक गजाच्या वर उचलून घेतली, नळीसमोर पुन्हा हात फिरवला आणि डोळा लावला.

फुली मांडीवर आली. अगदी मधोमध, सुबक. हात म्हणत होता, मार. हात तर म्हणत होता, आणखी थोडी खाली घे. इथेच मारलं तर सुई तीन बोटं खाली, म्हणजे सरळ पायाच्या नळीवर. तिनं हाताला दामटून फुली वर नेली. मांडी संपली. फुली कडप्प्याच्या काळ्या कडेवर जाऊन बसली, दगडावर. दुर्बिणीतून पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की ही बाई बिबट्या सोडून ओटा मारायला निघाली आहे.

"मॅडम," ती ओठ न हलवता म्हणाली, "फुली दगडावर हाय."

मागे वैदेही मॅडम उकिडव्या बसल्या होत्या. "किती वर?"

"तीन बोटं."

"मग ठीक आहे नं."

"ठीक हाय, पण मले दगडच दिसून राहिला. दगडावर कसं मारू वं मॅडम?" पथकाच्या डॉक्टरला ती पहिल्यांदाच मैत्रिणीसारखं वं म्हणाली होती, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

"पोत्यावर किती वेळा मारलंस? मी मोजणं सोडून दिलं होतं. मला तुझ्या तीन बोटांवर पूर्ण भरवसा आहे. तुझा आहे का, ते तू बघ."

वर कुणाचा तरी पतंग कटला आणि अख्खी गल्ली ओरडली. मादीनं मान उचलली. तिच्या मागच्या पायातली ताकद एकवटताना प्रेमिलाला दिसली. आता ती उठणार होती. प्रेमिलानं फुली दगडावरच ठेवली आणि घोडा ओढला.

फुस्स असा एवढासाच आवाज झाला. दगडाला काही झालं नाही. तीन बोटं खाली, मांडीच्या ऐन मांसात, सुईचा गुलाबी गोंडा डुलत होता.

मादी उसळली, पिंप आडवं झालं, ज्वारीचं पीठ सगळ्या स्वयंपाकघरात उधळलं आणि परातीतले लाडू टपाटपा खाली पडले. ती एकदा ओट्यावर चढली, एकदा दाराकडे गेली, दाराला अंग घासलं. प्रेमिला जागची हलली नाही. मग मादीची चाल जड झाली. लाडवांच्या मधोमध ती बसली, जांभई दिली आणि पिठात तोंड टेकवून झोपून गेली. पांढऱ्या मिशांची, पांढऱ्या नाकाची, एखाद्या हलवायाच्या घरची वाटावी अशी.

प्रेमिला आत गेली ती सरळ मागच्या पायापाशी. मॅडमनी डोळ्यांवर कापड बांधेपर्यंत तिनं नळीचं हाड दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं. कुठे सूज नाही, कुठे ओरखडा नाही. "मॅडम, तुम्ही पाहा नं," ती म्हणाली. मॅडमनी पाहिलं. "पाय चांगला आहे. उठल्यावर कळेलच, पण चांगला आहे." यावर प्रेमिला इतक्या जोरात हसली की चारुलताताई दारातून आत डोकावल्या, बिबट्या, पीठ आणि लाडू यांच्याकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "डाळ लागली का हो?"

डाळ लागली नव्हती. मादीला पिंजऱ्यात घालून गाडीत चढवल्यावर चारुलताताईंनी पथकाला तसं सोडलं नाही. वरच्या डब्यात झाकून ठेवलेले लाडू निघाले, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक वाटी आली. गच्चीवरच्या पोरांनी प्रेमिलाताईंच्या नावानं ओ काट केलं. एका वाहिनीच्या मुलीनं माइक पुढे करून विचारलं, "मॅडम, तुम्ही नेम कुठे धरला होता?" प्रेमिलाच्या तोंडात लाडू होता. "ओट्यावर," ती म्हणाली. त्या मुलीनं मुकुंदरावांकडे माइक वळवला, आणि मुकुंदरावांनी सगळं पुन्हा क्रमानं सांगितलं. संध्याकाळी गिरिधरनं बातमी पाहिली आणि तो शेजाऱ्यांना म्हणाला, "ओटा वाचला हे महत्त्वाचं."

दोन दिवस मादी केंद्रात देखरेखीखाली होती. वजन, रक्त, दात, सगळं उत्तम. पिंजरा अरुंद असल्यामुळे ती नीट चालताना काही दिसेना, नुसती वळून वळून बसायची. मांस टाकायला प्रेमिला जायची आणि वाकवाकून पाहायची. गिरिधरला वाटलं बायको खुशीत असेल, तर ही जेवतानाही त्या पायाचाच विचार करायची. मादी लंगडते की नाही, याचं तिला अजून उत्तर मिळायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जंगलात गेली. धुकं विरलं होतं, ऊन पळसांच्या पानांवर आलं होतं. पिंजरा उतरवला, दाराची दोरी लांबवर नेली आणि सगळे गाडीत चढून मोबाइल उघडून बसले. प्रेमिलाजवळही मोबाइल होता, पण तो तिनं काढला नाही. दोरी ओढली. मादी लगेच बाहेर आली नाही, दारात उभी राहून वास घेत राहिली. मग तिनं उडी घेतली.

सगळे तिचं तोंड टिपायच्या मागे होते. प्रेमिला फक्त मागचा उजवा पाय बघत होती. पाय पडला, उचलला, पुन्हा पडला. मादीनं नाला एका ढांगेत ओलांडला, त्या पायावर सगळा भार देऊन चढावर चढली आणि एकदाही मागे न बघता झुडपात शिरली. तिची चाल कुठेच अडखळली नाही. प्रेमिला मात्र पिंजरा आणायला उतरली तेव्हा सपाट जमिनीवर दोनदा अडखळली. डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की तिला पायाखालची वाट दिसत नव्हती.